घेरा गमावलेला गड

मराठीत गडकोटांवरचे लेखन उदंड आहे. ते वाचताना आम्हांला अलीकडे वारंवार वाटू लागले आहे की हे गड हवेत तरंगत असावेत. त्यांना तट आहेत, बुरूज आहेत, टाकी आणि दरवाजे आहेत. त्यांच्यावर सूर्य उगवतो आणि मावळतो, त्यांना धुके वेढते, पाऊस झोडपतो. पायथा मात्र त्यांना नाही. पायथ्याशी राहणारी माणसे, त्यांची खाचरे, त्यांची झाडे, त्यांच्या पाण्याच्या वाटा यांपैकी काहीही या लेखनात टिकून राहत नाही. गडाचा एक माणूस तेवढा येतो. तो वाट दाखवतो, पिठले-भाकरी करून घालतो, ‘मामा’ या नावाने ओळखला जातो आणि पुढच्या परिच्छेदात नाहीसा होतो.

हे लिहिण्यास निमित्त झाले ते जुलै २०२५ मधील घटनेचे. युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाखाली बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. जुन्नरचा शिवनेरी त्यांत आहे. आनंदाची गोष्ट आहे, आणि आम्हांलाही आनंद झाला. पुढचे काही आठवडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून, मासिकांतून आणि दूरध्वनीच्या पडद्यांवरून शिवनेरीदर्शनाचे लेख अक्षरशः कोसळले. त्यांतले जितके हाती लागले तितके आम्ही वाचले. नोंदणीच्या नावातच ‘भूदृश्य’ हा शब्द आहे. म्हणजे मान केवळ तटबंदीचा नसून डोंगर, दरी, घाट, रान आणि तट यांच्या परस्परसंबंधाचा आहे. आमच्या लेखकांनी त्या नावातले ‘मराठा’ वाचले, ‘लष्करी’ वाचले, आणि तिसऱ्या शब्दाशी पोहोचण्यापूर्वीच जयघोष सुरू केला.

परंतु दुसऱ्यांवर बोट रोखण्यापूर्वी आमचा गुन्हा आम्हीच सांगितलेला बरा.

आम्ही काही मंडळी मराठी साहित्य शिकवतो. एका शिवजयंतीच्या निमित्ताने आमच्या महाविद्यालयात प्रवासवर्णनाची स्पर्धा झाली. विषय होता ‘शिवनेरी : एक अनुभव’. सहल घडली, विद्यार्थ्यांनी निबंध लिहिले, आणि ते तपासण्याचे काम आमच्याकडे आले. त्यांत तळेघर परिसरातल्या एका वाडीतून आलेल्या विद्यार्थिनीचा निबंध होता. शिवजन्मस्थानावर तिने दीडच ओळ खर्च केली होती. बाकी मजकूर होता तो गडावरच्या कोळी चौथऱ्याविषयी, आपले आजोबा तिथे हात टेकल्याशिवाय पुढे जात नसत याविषयी, आणि गडाच्या उतारावर दिसलेल्या एका झाडावरून आठवलेल्या आपल्या घरच्या हिरड्यांविषयी. बाळहिरडा कधी उतरवतात, फांदीवर कोण चढते, अंगणात तो किती दिवस वाळतो, व्यापारी वजनात काय करतो, हे सारे तिने क्रमाने लिहिले होते. आमच्यापैकी एकाने त्या निबंधाच्या शेवटी लाल शाईने शेरा मारला : ‘विषयांतर. निसर्गवर्णन अपुरे.’ बाकीच्यांनी त्याखाली सह्या केल्या.

पहिले पारितोषिक ज्या निबंधाला दिले त्यात पहाटेचे धुके होते, ‘सह्याद्रीच्या कुशीत’ होते, ‘ऊर अभिमानाने भरून आला’ होते, आणि परतताना ‘पाय निघत नव्हता’. त्या निबंधातले शिवनेरीचे नाव काढून तिथे राजगडाचे किंवा पन्हाळ्याचे नाव घातले असते, तरी एकही वाक्य बदलावे लागले नसते. हे आमच्या ध्यानात आले ते फार उशिरा.

हा साचा विद्यार्थ्यांनी घरून आणलेला नाही. तो आम्ही त्यांना शिकवला आहे. क्रमिक पुस्तकांतून, आदर्श निबंधांच्या संग्रहांतून आणि आमच्या गुणदानातून तो त्यांच्यापर्यंत पोहोचला. त्याची कलमे मोजून दाखवता येतात. प्रारंभी शहराचा कंटाळा. मग प्रवास, घाट, चहाची टपरी. मग सात दरवाजे, शिवाईचे देऊळ, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, जन्मस्थान, बदामी तलाव, कडेलोट. मग टोकावर उभे राहून दिसणारा ‘विहंगम’ देखावा. शेवटी मावळता सूर्य आणि खंत : आजच्या पिढीला याची जाणीव नाही. या आराखड्यात निसर्ग म्हणजे रंगभूमीच्या मागचा पडदा, इतिहास म्हणजे एका नावाचा उच्चार, आणि भोवतालची माणसे म्हणजे पडदा ओढणारे हात.

आमचे म्हणणे असे की हा आराखडा मराठीच्या स्वतःच्या परंपरेलाच सोडून आहे. गडाविषयीचा मराठीतला सर्वांत अधिकारी जुना ग्रंथ कोणता? रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’. इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेले, स्वराज्याच्या कारभारातून तावूनसुलाखून निघालेल्या माणसाने लिहिलेले. त्यातले दुर्गप्रकरण साहित्याच्या किती विद्यार्थ्यांनी मुळातून वाचले आहे? राज्याचे सार म्हणजे दुर्ग, एवढे एक सूत्र प्रत्येकाला पाठ असते. त्यापुढची पाने कोणी उलटत नाही. त्या पानांत काय आहे? गड बांधण्याआधी तिथे पाणी आहे की नाही ते पाहण्याची ताकीद आहे. गडावर कोणती मोठी झाडे आणि कोणती फळझाडे लावावीत, ती कशी जतन करावीत, हे आहे. गडाभोवतीच्या झाडीचे रक्षण आहे. हवालदारापासून पहारेकऱ्यापर्यंत कोणाचे काम काय, हे आहे. आणि आरमारासाठी लाकूड लागते तेव्हा रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा विचार आरमाराच्या प्रकरणात आहे.

त्या काळच्या भाषेत एक शब्द होता : घेरा. गड म्हणजे माथा, माची, तट. आणि घेरा म्हणजे त्याच्या भोवतालचा उतार, रान, वाड्या, मेटे. मेटावर मेटकरी असत. शत्रूची चाहूल गडाला लागे ती त्यांच्यामुळे. कोळी, रामोशी, बेरड, महार अशा समाजांतली माणसे घेऱ्यात राहत. रान राखत, वाटा राखत, निरोप पोहोचवत. घेऱ्यावाचून गड ही कल्पनाच त्या कारभाऱ्यांना सुचली नसती, कारण घेरा फितला की गड गेला हे ते अनुभवाने जाणत होते. आज आम्ही गडावर जातो, गडावर लिहितो, गडाचा अभिमान बाळगतो. ‘घेरा’ हा शब्द मात्र आमच्या प्रवासवर्णनातून हद्दपार झाला आहे. शब्द गेला की पाहणेही जाते.

आता शिवनेरीकडेच पाहू. जन्मस्थान म्हणून त्याचे माहात्म्य वादातीत आहे. पण त्या गडाचा इतिहास आमच्या लेखांत जितका सरळ दिसतो तितका तो नाही. १६३६ साली शहाजीराजांचा पाडाव झाल्यावर जुन्नर आणि शिवनेरी मोगलांकडे गेले. शिवाजी महाराजांनी १६५७ साली जुन्नर शहरावर छापा घातला, १६७३ साली गड घेण्याचा प्रयत्न केला; तो फसला. ज्या गडावर ते जन्मले तो गड त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. तो मराठ्यांकडे आला तो पुढे अठराव्या शतकात. किती विलक्षण, किती मानवी वस्तुस्थिती आहे ही! एखाद्या चांगल्या लेखकाला या एका गोष्टीवर आख्खा निबंध उभा करता आला असता. आमच्या साच्याला मात्र विजय हवा असतो, म्हणून ही हुरहूर गाळली जाते.

आणखी एक गोष्ट गाळली जाते. सतराव्या शतकाच्या मध्यास या मुलखातल्या महादेव कोळ्यांनी मोगल अंमलाविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढण्यात आला आणि पकडलेल्यांना शिवनेरीवर नेऊन त्यांची शिरे उडवण्यात आली. परंपरा हा आकडा हजाराच्या घरात सांगते. १८३० च्या दशकात कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांवर दीर्घ निबंध लिहिला, त्यात काळ्या चबुतऱ्याची ही आठवण नोंदलेली आहे. तोच आजचा कोळी चौथरा. म्हणजे ज्या मुलीने जन्मस्थानावर दीड ओळ आणि चौथऱ्यावर दोन परिच्छेद लिहिले, तिने विषयांतर केले नव्हते. विषय तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. विषयांतर आम्ही केले होते, आणि तेही आम्हांला कळले नव्हते.

परकीय प्रवाशांची थोरवी गाण्याची आम्हांला हौस नाही. तरीही ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७५ साली जुन्नरला आला आणि शिवनेरीवर गेला, त्याचे वर्णन आमच्या पारितोषिकप्राप्त निबंधाशेजारी ठेवून पाहावे. तो गर्विष्ठ आहे, एतद्देशीयांविषयी पूर्वग्रहांनी भरलेला आहे. पण तो चढताना दमतो, घाटवाटेला शिव्या देतो, गडावर साठा काय आहे हे पाहतो, आणि दोन सत्तांच्या झगड्यात होरपळलेला भोवतालचा मुलूख त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याला गडाविषयी आदर नव्हता आणि आम्हांला आहे. मग त्याच्यापेक्षा आम्हांला कमी का दिसावे?

निबंधांच्या त्या प्रकरणानंतर एका मार्च महिन्यात आम्ही तळेघरला गेलो. त्या विद्यार्थिनीनेच नेले. भीमाशंकरला जाणाऱ्यांना तळेघर ठाऊक असते ते रस्त्यावरची एक पाटी म्हणून. घोडेगाव मागे पडले, डिंभ्याचे पाणी दिसले, की गाड्या इथून वेगाने पुढे जातात. आदल्या दिवशी आम्ही पुन्हा शिवनेरी पाहिला होता; या खेपेस घेरा शोधत. तळेघरजवळच्या वाडीत पोहोचलो तेव्हा तिची आजी अंगणात बाळहिरडा पसरत होती. हिरवट फळे वाळून काळी पडू लागली होती. आमच्यातल्या एकाने विचारले, “आजी, शिवनेरीवर गेला होतात का कधी?”

“गेले व्हते की. हिचा आजा बरोबर व्हता. आधी आपल्या माणसांच्या चौथऱ्याला हात लावला, मग शिवाईला.”

“आपली माणसं म्हणजे कोण, आजी?”

“आता नावं कुठून सांगू, मास्तर? कुणी लिवून ठेवली नाय.” थोड्या वेळाने हिरडा हाताने उलथत तिने विचारले, “तुमी लिवता व्हय? मंग ह्याच्या भावाचं लिवा की.”

आम्ही लिहिण्याचा व्यवसाय करणारी माणसे. आम्हांला त्या भावाविषयी एक अक्षर ठाऊक नव्हते. हिरडा त्रिफळ्यात असतो एवढे ज्ञान होते. तो कातडी कमावण्यास आणि रंगासाठी जातो, आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम भागातल्या महादेव कोळी कुटुंबांच्या हाती वर्षाकाठी रोख पैसा येतो तो मुख्यतः त्याच्यातून, जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळाने ही झाडे उन्मळून पाडली आणि नुकसानभरपाईसाठी इथल्या लोकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली, हे आम्ही त्यानंतर शिकलो. हिरडा बांधावर असतो तसा रानातही असतो. रानावर १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा लोकांचा हक्क मान्य केला, पण कागदावरचा हक्क आणि झाडावरचे फळ यांच्यात अंतर असते. आमच्या भीमाशंकर-वर्णनांत शेकरू असते, आणि ते असावेच. पण ज्या झाडांवरून शेकरू झेपावते त्यांच्यावर पोट भरण्यासाठी माणसेही चढतात, हे एका वाक्यातही का येऊ नये?

कारवीचे उदाहरण घ्यावे. कारवी सात वर्षांनी फुलते, डोंगर निळे-जांभळे होतात, आणि त्यावर मराठीत दर सात वर्षांनी लेखांचाही बहर येतो. त्याच कारवीच्या काटक्यांचे कूड इथल्या घरांना असतात, त्यावर शेणमातीचा गिलावा असतो, हे त्या लेखांत क्वचित आढळते. फूल निसर्गात मोडते आणि भिंत ‘ग्रामीण जीवनात’. एकाच झुडपाची अशी फाळणी आमच्या वाङ्मयप्रकारांनी केली आहे.

किंवा पाण्याचे घ्या. गडावरून दिसणारे धरणाचे पाणी हा तर आमच्या साच्यातला हमखास दागिना. ‘निळाशार जलाशय’ हे दोन शब्द ठरलेले. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. त्यांचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांकडे जाते. जाऊ द्यावे, तिथेही शेतकरीच आहेत. पण घोड नदीवरच्या डिंभे धरणात जी गावे बुडाली त्यांत आंबेगाव हे गावही होते, ज्याच्या नावाने हा तालुका आजही ओळखला जातो. तालुका कागदावर आहे आणि त्याचे मूळ गाव पाण्याखाली आहे. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचे नाव आहे. परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे १९३० साली मुंबईत प्राण देणारा हा गिरणीकामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. एवढे सगळे ज्या पाण्यात आहे त्याला ‘निळाशार’ म्हणून पुढे जाणे ही आमच्या मते अभिरुचीची बाब उरत नाही. ती आंधळेपणाची बाब होते.

त्याच धरणाच्या पलीकडच्या डोंगरात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचून ते गाव गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. गाव दिसत नाही हे प्रथम ध्यानात आले ते त्या वाटेने गेलेल्या एस.टी.च्या चालकाच्या. हा तपशील आम्हांला विसरता येत नाही. तो चालक काही निसर्गप्रेमी म्हणून तिथे गेला नव्हता. रोज जात होता, म्हणून त्याला ठाऊक होते की या वळणानंतर घरे दिसली पाहिजेत. पाहणे म्हणजे हेच असते. दुर्घटनेनंतर कारणांचा खल झाला. उतारावरची सपाटीकरणाची कामे, यंत्रे, पाऊस, मातीचा पोत यांवर तज्ज्ञ बोलले. त्या चर्चेत ‘पडकई’ हा शब्द शहरी वाचकांच्या कानांवर प्रथमच पडला. एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने श्रम देऊन उतारावर भातखाचरे बांधण्याची ही इथली जुनी पद्धत. गडांवर इतकी दशके लिहिणाऱ्या भाषेला डोंगरउताराच्या या शब्दाची ओळख व्हायला एक गाव गाडले जावे लागले. गड आणि ती खाचरे यांच्यात दगडाचा आणि घामाचा फरक नाही. फरक आहे तो कोणत्या बांधकामाला आम्ही वारसा म्हणतो याचा.

कोणी म्हणेल, मराठीत सगळेच असे लिहीत नाहीत. मान्य. गो. नी. दांडेकरांनी ‘दुर्गभ्रमणगाथा’ लिहिली, तशीच ‘माचीवरला बुधा’ आणि ‘पवनाकाठचा धोंडी’ लिहिली. राजमाचीची माची आणि तुंगचा घेरा तिथल्या माणसांसकट, जनावरांसकट त्यांच्या कादंबऱ्यांत आला. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर आले. दांडेकरांच्या भक्तिभावाविषयी आमचे मतभेद आहेत, पण त्यांना गडाखालची बोली येत होती आणि गडाखालच्या चुलीशेजारी बसता येत होते. त्यांच्यामागून आलेल्या दुर्गलेखकांनी त्यांचा गहिवर तेवढा उचलला आणि चूल सोडून दिली. वारसा घेताना नेमका सोपा भाग उचलण्याची ही रीत आमच्या साहित्यात नवी नाही.

दूरचे एक उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते शिक्षकांशी संबंधित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधल्या शिक्षकांच्या संघटनेला मुलांसाठी देशाच्या भूगोलाचे वाचनपुस्तक हवे होते. काम सोपवले गेले सेल्मा लागरलोव्ह या लेखिकेवर, जी स्वतः शिक्षिका राहिली होती आणि जिला पुढे १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६-०७ साली निघालेल्या त्या पुस्तकात निल्स नावाचा मुलगा बोटभर होऊन हंसाच्या पाठीवर बसतो आणि देश पाहतो. दक्षिणेकडच्या ग्लिमिंगेहूस या पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या दगडी गढीवरही तो पोहोचतो. तिथे सरदारांच्या पराक्रमाचे स्तोत्र नाही. त्या गढीत काळे उंदीर राहतात, छपरावर करकोच्याचे घरटे आहे, घुबडे आहेत. बाहेरून करड्या उंदरांची टोळी चालून येते आणि जुन्या रहिवाशांचे काय होणार हा प्रश्न उभा राहतो. गढी जिवंत होते ती तिच्यात आणि तिच्याभोवती कोण राहते यामुळे. शाळेसाठी मागवलेले पुस्तक असे होऊ शकते. आमच्याकडे शाळेसाठी मागवलेला निबंध ‘पाय निघत नव्हता’ इथे येऊन का थांबतो, याचे उत्तर आम्ही शिक्षकांनी द्यायचे आहे.

आमच्यावर येणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा : दोन तासांसाठी गडावर गेलेल्या माणसाकडून समाजशास्त्राची अपेक्षा का करावी? अपेक्षा समाजशास्त्राची नाही. ज्याच्या घरी पाणी प्यालो त्याच्या विहिरीकडे पाहण्याची आहे. दोन तासांत धुके दिसते तर खाचरही दिसते.

दुसरा आक्षेप अधिक तापट असतो : यामुळे महाराजांविषयीचा आदर उणावतो. आम्ही नम्रपणे, पण ठामपणे नोंदवू इच्छितो की आदर उणावतो तो उलट दिशेने. ज्या राज्याच्या कारभाराने रयतेच्या आंब्या-फणसाचा विचार केला, त्या राज्याच्या गडावर उभे राहून रयतेच्या हिरड्याविषयी बोलणे हे विषयांतर ठरवणारे आम्ही कोण?

तिसरा आक्षेप साहित्यातल्या मंडळींचा, म्हणून आम्हांला महत्त्वाचा वाटतो. तुम्ही सौंदर्यानुभवाला पत्रकबाजी करायला निघाला आहात, असे ते म्हणतील. निसर्गाचा निखळ आनंद घेण्याचाही अधिकार नाही का? अधिकार आहे. पण आमचा आक्षेप आनंदाला नाही, तो तयार शब्दांना आहे. ‘हिरवागार शालू’ हे सौंदर्य नाही. पाहण्याचे श्रम टाळल्याची ती पावती आहे. बाळहिरडा कोणत्या दिवशी हिरव्याचा काळा पडतो हे ज्या मुलीला सांगता येते, तिची दृष्टी आमच्या बक्षीसपात्र लेखकापेक्षा सूक्ष्म आहे, हे सौंदर्यशास्त्राचेच विधान आहे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आम्ही ज्यासाठी शिकवतो, तेच निकष त्या निबंधाला लावायचे आम्ही विसरलो, एवढेच.

चौथा आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो. शहरातून तळेघरला जाऊन, एका आजीच्या अंगणात तासभर बसून, तिची तीन वाक्ये लेखात आणून आम्हीही तेच करत आहोत काय? ‘मामा’च्या जागी ‘आजी’ आणून ठेवली, एवढाच फरक? हा आक्षेप आम्हांला पूर्णतः परतवता येत नाही. म्हणून आमच्या सूचनेतला मुख्य भाग हा की घेऱ्यातल्या माणसांनी लिहावे, आणि त्यांनी लिहिलेले वाचता येईल अशी परीक्षकांची तयारी व्हावी. जांभोरीच्या होनाजी केंगले यांनी १८७३ ते १८७६ या काळात सावकारशाहीविरुद्ध जे बंड केले, ते आज आम्हांला मुख्यतः इंग्रजी गॅझेटियरच्या पानांतून कळते. जांभोरी याच परिसरातले. त्या बंडाची गोष्ट ज्या तोंडांनी सांगितली जात होती त्यांनी ती मराठीत लिहिली असती, आणि मराठीने ती छापली असती, तर आमचे गद्य कसे घडले असते याची कल्पना करून पाहावी.

आमच्या मागण्या लहान आहेत. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार जिथे शिकवला जातो तिथे आज्ञापत्रातले दुर्गप्रकरण आणि आरमारप्रकरण मुळातून वाचून घ्यावे. गडावरच्या प्रत्येक निबंधात पाच झाडांची स्थानिक नावे आणि त्यांचे उपयोग असावेत, अशी साधी अट घालावी. ‘वृक्षराजी’ हा शब्द बाद करावा. गडाखालच्या एका तरी माणसाला त्याच्या कामासकट लिहावे, आणि पिठले-भाकरी हे ते काम धरू नये. गडाची पडझड लिहिताना ती कोणी केली हे लिहावे. चावंड आणि जीवधनच्या वाटा १८१८ साली इंग्रजांनी सुरुंगाने उडवल्या, त्या ‘काळाच्या ओघात’ नाहीशा झालेल्या नाहीत. युनेस्कोने दिलेल्या नावातला तिसरा शब्द मराठीत आणण्यासाठी नवी संज्ञा घडवत बसू नये. तो आपल्याकडे तीनशे वर्षांपासून आहे. त्याला घेरा म्हणतात.

राहिला तो निबंध. स्पर्धेचा निकाल बदलता येत नाही; पारितोषिकाची ढाल ज्याच्या घरी गेली तिथे ती असू द्यावी, त्याने तर आम्ही शिकवले तेच लिहिले होते. तळेघरहून परतल्यावर आम्ही दप्तरातून तो कागद शोधून काढला आणि लाल शेऱ्याखाली आमच्या सह्यांनिशी लिहिले की हा शेरा चुकीचा आहे. मग तो निबंध यंदाच्या वर्गात वाचून दाखवला. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, पण हिरड्याला शेवटी भाव काय मिळाला?” प्रवासवर्णनाच्या तासाला असा प्रश्न आम्हांला इतक्या वर्षांत प्रथमच ऐकू आला. उत्तर त्या मुलीनेच दिले. ते आम्ही फळ्यावर लिहून घेतले.